खोकला न आणणारी कॉइल

आमच्या आयटीआयमध्ये नमस्कार केला तर "टोकं टेकवली का?" असं उत्तर देणारा एकच माणूस होता. वायरमन ट्रेडचे सर. नव्याने बदलून आलेला माणूस बिचारा गोंधळायचा, शर्टाचं टोक कुठे बाहेर आलंय का ते चाचपायचा. मग आमच्यापैकी कोणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगायचं, की बाबा रे, हे तुला एकट्याला नाही, हे ते सगळ्या जगाला विचारतात.

त्यामागची गोष्ट साधी होती. मल्टिमीटरला एक लाल आणि एक काळी अशा दोन वायरी असतात. त्यांची टोकं एखाद्या तारेला लावली की त्या तारेचा रेझिस्टन्स किती ओहम ते मीटर सांगतो. सरांचं म्हणणं असं, की मोजायच्या आधी ती दोन टोकं एकमेकांना टेकवून बघायची. तिथे शून्य यायला हवं, पण थोडंसं काहीतरी येतंच, कारण वायरींचा स्वतःचाही रेझिस्टन्स असतो. तेवढा पुढच्या आकड्यातून वजा करायचा. मोठ्या मोजणीत त्याने काही बिघडत नाही, बारीक मोजणीत मात्र सगळा घोळ होतो. "मीटरचं स्वतःचं किती हाय ते आधी पाहा रे, मंग दुसऱ्याचं मोजा," हे त्यांनी इतक्या पोरांना ऐकवलं, की आजही जिल्ह्यातला कोणताही वायरमन माझ्या घरी आला आणि मी नुसतं "टोकं टेकवली का?" म्हटलं, तर तो हसतो आणि विचारतो, "तुमीबी सरांचेच का?"

मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो. मी तिथला आस्थापनेचा कारकून. पगारबिलं, रजा, सेवापुस्तकं, एवढंच माझं जग. आमचं घराणं औंढ्याचं, देवळातल्या सेवेचं. मी नोकरीला लागून हिंगोलीत बिऱ्हाड केलं, हीच आमच्या घरातली मोठी घडामोड. सर साखऱ्याचे, सेनगाव तालुक्यातले. त्यांचा भाऊ अजून तिथे कोरडवाहू शेती करतो. हिंगोलीत सरांचं घर आणि माझं घर एकाच गल्लीत, मधे फक्त एक पिठाची गिरणी. त्यामुळे ऑफिसातून सुटका झाली तरी गल्लीत ते सापडायचेच. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला त्यांचा वैताग यायचा. चहाला बोलावलेला माणूस, त्याने चहा प्यावा. हे पाणी पिण्याआधी खिशातून टेस्टर काढून आमच्या फ्रीजला लावायचे. "भाऊसाहेब, अर्थिंग बराबर न्हाई तुमचं." दर वेळी तेच. शेवटी मी अर्थिंग करून घेतलं, ते त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून. तर पुढच्या खेपेला टेस्टर लावून म्हणाले, "आता बराबर. आता चहा पितो."

एका लग्नात आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो होतो. जेवता जेवता त्यांना मांडवाच्या खांबावर एक उघडा जॉइंट दिसला. ताटावरून उठले, हात धुतले, कोरडे केले, खिशातून टेप काढून जॉइंट गुंडाळला आणि परत येऊन राहिलेला वरण-भात संपवला. नवरदेवाचा बाप नुसता बघत राहिला. टेप, टेस्टर आणि बिडीचं बंडल, एवढ्या वस्तू त्यांच्या खिशात कायम असायच्या. पहिल्या दोन सरकारी कामाच्या. तिसरीने त्यांच्या संसाराची वाट लावली होती.

एक बिडी विझायच्या आत दुसरी. आणि घरात बायकोला दमा. सरांच्या बायकोला आम्ही सगळे ताई म्हणायचो. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या, हसऱ्या. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, यांच्या आसपास धूर नको, कपड्यांना बिडीचा वाससुद्धा नको. त्या दिवशी सर घरातून बाहेर पडले ते वर्षानुवर्षं बाहेरच राहिले. म्हणजे पळून गेले असं नाही. ओसरीवर एक लोखंडी खुर्ची टाकली आणि तिथे मुक्काम ठोकला. जेवण ओसरीवर, पेपर ओसरीवर, उन्हाळ्यात झोप गच्चीवर आणि थंडीत पुन्हा ओसरीवर, गोधडी पांघरून. ताई आत. मधे खिडकी. गजांतून ताट बाहेर यायचं, गजांतूनच भांडणं व्हायची. त्यांचा एकुलता एक मुलगा सुमेध, पुण्याला असतो, त्याचं लग्नसुद्धा त्या खिडकीच्या गजांतूनच ठरलं. घरात बुद्धाच्या मूर्तीसमोर ताई फुलं ठेवायच्या, मेणबत्ती लावायच्या. उदबत्ती त्या घरातून केव्हाच हद्दपार झाली होती. पौर्णिमेला ताई आत वंदना म्हणायच्या आणि सर ओसरीवरून हात जोडायचे.

बिडी सोडायची ना मग, असं तुम्ही म्हणाल. सगळ्यांनी म्हणून झालं होतं. बडीशेप झाली, लवंगा झाल्या, शपथा झाल्या. एकदा मी चिडून म्हणालो, "सर, एवढे शिकलेले तुम्ही, तुम्हाला कळत नाही का?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "मला सोडता येत न्हाई, भाऊसाहेब. काहून ते मला कळत न्हाई. कळलं असतं तर दुरुस्त केलं असतं."

मग त्यांचा एक जुना विद्यार्थी, दुबईला वायरमन असलेला, सुट्टीत आला आणि त्याने सरांच्या हातात ती वस्तू ठेवली. वाफेची सिगारेट. तेव्हा आपल्याकडे तिच्यावर बंदी आलेली नव्हती. जाड पेनाएवढी, खाली बॅटरी, वर इवलीशी काचेची टाकी, टाकीत निकोटिनचं गोडसर वासाचं लिक्विड, आणि मधे अ‍ॅटोमायझर. अ‍ॅटोमायझर म्हणजे नखाएवढी तारेची कॉइल आणि तिच्या वेटोळ्यातून ओवलेला कापूस. कापूस लिक्विड शोषतो, बटण दाबलं की कॉइल तापते, लिक्विडची वाफ होते, ती ओढायची. सरांनी ती ओढून बघण्याआधी उघडून बघितली आणि माझ्या टेबलावर, पगारबिलांवर, तिचे सगळे भाग मांडले.

"हे पाहा भाऊसाहेब. इथं काईच जळत न्हाई. धूर न्हाई. नुसती वाफ हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी आत बसू शकतो."

हे ते अगदी हळू म्हणाले. त्या संध्याकाळी ताईंनी आतल्या खोलीतली खुर्ची पुसून ठेवली. सर अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, आपल्याच घरात पाहुण्यासारखे गेले. बसले. बटण दाबलं, ओढली, सोडली. खोलीभर पांढरा ढग झाला आणि ताईंना असा खोकला आला, की दम्याचा पंप घ्यावा लागला. सर उठले आणि परत लोखंडी खुर्चीवर येऊन बसले.

दुसरा कोणी असता तर त्याने ती वस्तू फेकून दिली असती. सरांनी मल्टिमीटर काढला. टोकं टेकवली, वायरींचा रेझिस्टन्स वजा केला. कॉइल अर्ध्या ओहमची निघाली. "ही ओढायची कॉइल न्हाई, ही शेगडी हाय," ते म्हणाले. मग मला तासभर समजावून सांगितलं. ओहम कमी असले की करंट जास्त जातो, तार जास्त तापते आणि ढग निघतात. पोरांना ढगच हवे असतात म्हणून ती असल्या कॉइली घेतात. सरांना उलटं हवं होतं. ओहम वाढवायचे, वाफ कमी करायची, लिक्विड जरा कडक घ्यायचं, म्हणजे थोडक्या वाफेत तलफ भागेल. शिवाय हवेचं भोक बारीक करायचं, म्हणजे बिडी ओढताना गाल आत जातात तसे जायला हवेत, नाहीतर जिवाला समाधान नाही. मात्र ओहम फार वाढवले की वाफ इतकी कमी, की हात बिडीकडे जातो. "तिला आराम आन् मला बिडी. तसंबी चालत न्हाई." या दोन टोकांच्या मधली एक कॉइल त्यांना शोधायची होती. जिच्यावर ते बिडीशिवाय राहतील आणि जिच्या वाफेने ताई खोकणार नाहीत अशी.

मी विचारलं होतं, की ओढण्यापुरतं बाहेर जा आणि लगेच आत या, एवढा खटाटोप कशाला? म्हणाले, "बाहेर पाय ठेवला की हात खिशात जातो, भाऊसाहेब. या हाताला त्या ओसरीची सवय हाय."

परीक्षा ताईंची. सर नवी कॉइल बसवायचे, आतल्या खुर्चीवर बसायचे, एक झुरका घ्यायचे, जमिनीकडे तोंड करून वाफ सोडायचे आणि स्वयंपाकघराकडे कान लावायचे. आतून खोकला आला की कॉइल नापास. ओसरीच्या भिंतीवर एक खिळा होता, त्याला नापास कॉइली दोऱ्याने लटकायच्या. आणि सर पुन्हा बाहेर. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, सरांनी दृष्ट लागू नये म्हणून काहीतरी बांधलंय.

एवढ्यात सरकारने बंदी आणली. पेपर घेऊन सर थेट माझ्या टेबलाशी. असले कागद वाचण्यातच माझी हयात गेली. विकायची नाही, मागवायची नाही, साठवायची नाही, बनवायची नाही. ओढण्याबद्दल मात्र पेपरात मला काही सापडेना.

"मंग झालं तर," सर म्हणाले. "तार हाय माह्याकडं. घरीच गुंडाळतो कॉइल."

"सर, गुंडाळणं म्हणजे बनवणंच झालं."

"मी विकून राहिलो का?"

"विकण्याचं नाही, बनवण्याचं म्हणतोय मी."

त्यांनी बराच विचार केला. "मी बनवत न्हाई, भाऊसाहेब. जुनी कॉइल दुरुस्त करून राहिलो."

असल्या खुलाशांवर मी जन्मभर शेरे मारत आलो. त्या दिवशी पेनाला हात लावला नाही.

त्या दुबईवाल्या विद्यार्थ्याने लिक्विडच्या बाटल्यांबरोबर दिलेल्या तारेचं भेंडोळं होतं, ते सर दाभणावर गुंडाळायचे. चष्मा कपाळावर, जीभ दातात. कापूस साखऱ्याच्या शेतातला. फवारणीचं औषध राहू नये म्हणून ताई तो उकळून, पाणी फेकून, पुन्हा उकळून द्यायच्या. पण कॉइल तापली की कापूस करपायचा आणि सरांच्या घशाला चटका बसायचा. एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले आणि चक्क टेस्टर न काढता खाली बसले. माझी बायको देवळात द्यायच्या वाती वळत होती. आमच्याकडे ती सवय घराण्यातूनच आलेली.

"वहिनी, वात कशी वळता?"

"तुम्हाला कशाला हवी?" तिने विचारलं.

"वाफेसाठी."

ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिने दाखवलं. पीळ जास्त बसला तर तेल वर चढत नाही आणि वात कोरडी जळते. पीळ सैल हवा, टोक भरीव हवं. सर मांडी घालून बसले आणि बायकोबरोबर वाती वळू लागले. जन्मात कधी देवळाची पायरी न चढलेला माणूस, त्याने त्या संध्याकाळी औंढ्याच्या नागनाथासाठी चांगल्या मूठभर वाती वळल्या. बायकोने त्या वेगळ्या काढल्या नाहीत, आपल्यातच मिसळल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन म्हणाले, "वहिनींनी घोळ सोडवला. आता करपत न्हाई."

आणि मग ती कॉइल सापडली. पावणेदोन ओहमच्या जरा वरची. बारीक, गरीब वाफ. सर आत बसले, झुरका घेतला, कान लावला. खोकला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आठवडे गेले. बिडीचं बंडल खिशातून गेलं. शर्टाचा तो खिसा एकदम सपाट दिसायला लागला. संध्याकाळी मी गिरणीवर दळण ठेवायला जायचो तेव्हा ओसरीवरची लोखंडी खुर्ची रिकामी दिसायची, तिच्यावर मांजर झोपलेलं. आतून दोघांच्या बोलण्याचा आवाज यायचा. खिडकीतून नाही, एका खोलीत बसून बोलतात तसा. मला फार बरं वाटायचं.

त्याच काळात ताईंना चटणीचं वेड लागलं. जवसाची, कारळाची, शेंगदाण्याची, तिळाची, लसूण-खोबऱ्याची. रोज मिक्सर चालू. दोन माणसांचं घर, खाणार किती? सर डबे भरभरून ऑफिसात आणायचे. "तिला चटणीचं याड लागलंय, घ्या." स्टोअरकीपर घ्यायचा, शिपाई घ्यायचा, मी कारळाची उचलायचो. ताईंच्या हाताला चव होती. माझी बायको एकदा म्हणाली, "एवढी चटणी काहून वाटून राहिल्या ताई?" मी म्हणालो, वेळ जात नसेल.

एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. सरांनी जुनी कॉइल काढून तशीच नवी बसवली. मीटरची टोकं टेकवली, वजाबाकी केली, मला आकडा दाखवला. "पाहा. एका कॉइलचा दुसरीला फरक न्हाई." मग झुरका घेतला. तेवढ्यात स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. सर हसले. "आली चटणी."

आणि लाईट गेली.

पंखा थांबला, गिरणी थांबली, मिक्सर थांबला. खोकला थांबला नाही. स्वयंपाकघरातून तो येत होता. कोरडा, लांबलचक, तोंडात पदर कोंबून दाबलेला, तरी दाबला न जाणारा. मिक्सर बंद पडलाय हे त्या बाईच्या लक्षात आलं असणार, कारण मधेच तिने तो गिळायचा प्रयत्न केला आणि तो आणखी जोरात आला. मग एकदम शांत.

सरांच्या हातात ती वस्तू तशीच तोंडापाशी. ते वर पंख्याकडे बघत होते. पंखा पूर्ण थांबेपर्यंत बघत राहिले.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "हा मिक्सर रोज वाजतो."

"हो."

"मी ओढली की वाजतो."

उठून जावं असं वाटत होतं आणि पाय निघत नव्हता. सरांनी ती वस्तू स्टुलावर ठेवली. मीटरची लाल-काळी टोकं तिथेच पडली होती, त्यांच्याकडे बघत म्हणाले, "हिच्या खोकल्यानं मोजून राहिलो मी इतके दिवस. आन् टोकं टेकवलीच न्हाईत."

ताई बाहेर आल्या. डोळ्यांत पाणी, पदर तोंडाशी, आणि चेहऱ्यावर हसू. "लाईट गेली व्हय?"

"कवापासून?" सरांनी विचारलं.

"काय ते?"

"खोकला."

"ठसका होता. मिरचीचा."

ताई माझ्याकडे बघून पुन्हा हसायला गेल्या, पण ते हसू काही टिकलं नाही. भिंतीला टेकून खाली बसल्या. "आवो, इतक्या वर्षांनी तुमी आत येऊन बसले. मी खोकले असते तर पुन्हा उठून गेले असते बाहेर. मंग कशाला खोकू मी?"

मी चपला घातल्या आणि निघालो. माझ्या मागोमाग सर ओसरीवर आले, मांजराला उठवलं आणि लोखंडी खुर्चीवर बसले. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस चौकात जाईल आणि बंडल घेऊन येईल. मी गिरणीपाशी थांबून बघत राहिलो. ते उठले. मग खिळ्यावरच्या नापास कॉइली काढल्या, आतून ती वस्तू आणली आणि पकडीने एकेक कॉइल तोडून तुकडे करत राहिले. तारेचं भेंडोळंही तोडलं.

त्या दिवसानंतर सरांनी वाफ ओढली नाही आणि बिडीही नाही. इतकी वर्षं न जमलेलं त्यांना कसं जमलं, हे मी विचारलं. म्हणाले, "तलफ आली की तो मिक्सर ऐकू येतो." पहिले काही आठवडे फार वाईट गेले. वर्गात पोरांवर खेकसायचे. रजेचा अर्ज घेऊन माझ्याकडे आले. कारण काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाले, "खरं तेच लिवा. तलफ." मी 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहिलं.

आता घरात धूर नव्हता, वाफ नव्हती. दमा मात्र होता, तो जाणारा आजार नव्हे. धुळीने, थंडीने, गिरणीच्या पिठाने ताईंना खोकला यायचाच. पण त्यांना समोर खोकण्याची सवयच उरली नव्हती. खोकला आला की उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि मिक्सर लावायच्या. सरांनी मिक्सरच्या वायरीचा प्लग काढला आणि टेस्टरशेजारी खिशात ठेवला. चटणी हवी असेल तर खलबत्त्यात. त्यावरून दोघांचं जोरदार भांडण झालं, आम्हाला आमच्या घरात ऐकू येत होतं.

"माह्यासमोर खोक."

"असं सांगून खोकता येत असतंय का?"

"मंग आला की उठू नको. इथंच बस."

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी ऑफिसच्या फाटकाशी सर माझी वाट बघत उभे होते. मी नमस्कार केला. त्यांनी टोकांबद्दल काही विचारलं नाही. "काल खोकली, भाऊसाहेब," ते म्हणाले. "टीव्ही पाहून राहिलो होतो. माह्याशेजारी बसून खोकली. तोंडावर पदर न्हाई, काई न्हाई. मोकळी." त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही. फाटकावरचा शिपाई आम्हा दोन म्हाताऱ्यांकडे बघत राहिला.

करोनाच्या काळात सगळं जग खोकल्याला घाबरत होतं. शेजारी कोणी खोकलं तरी लोक दार लावून घ्यायचे. आमच्या गल्लीत ताईंच्या खोकल्यावरून कुजबूज सुरू झाली. एक दिवस दोघंतिघं सरांच्या ओसरीसमोर लांब उभे राहिले आणि म्हणाले, सर, ताईंना निदान आत, दार लावून खोकायला सांगा, लेकरं घाबरून राहिलीत. मी सरांना रागावलेलं एकदाच बघितलं, ते त्या दिवशी. "दमा हाय तिला, दुसरं काई न्हाई. तपासून घेतलंय," ते म्हणाले. "तुमी दारं लावा तुमची. ती आत जाऊन न्हाई खोकणार." लोक पांगले. ताई ओसरीवर लोखंडी खुर्चीत बसल्या होत्या आणि सर त्यांच्या शेजारी पायरीवर, मास्क लावून.

सर गेले त्याला आता वर्ष होत आलं. निवृत्त झाले होते. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. जुन्या बिड्यांनी वसुली केली, असं डॉक्टर म्हणाले. मला त्या डॉक्टरचा राग आला, उगीचच. सुमेध पुण्याहून आला. त्याने वडिलांच्या शर्टाचा खिसा रिकामा केला तेव्हा टेप निघाली, टेस्टर निघाला आणि मिक्सरचा प्लग निघाला. हा कशाचा, म्हणून त्याने मला विचारलं. मी म्हणालो, आईला दे.

जलदान विधीला घर भरलं होतं. जिल्हाभरचे वायरमन आले होते, काही डोंगरकड्याकडून, काही वसमतकडून, गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. पांढऱ्या कापडावर सरांचा फोटो, समोर मेणबत्ती, फुलं. भंतेजींनी वंदना सुरू केली. साखऱ्याहून आलेल्या एका दूरच्या नातेवाइकाला त्या घराची रीत माहीत नव्हती. त्याने भक्तिभावाने उदबत्त्यांचा आख्खा जुडगा पेटवून फोटोपुढे खोचला. खोलीत धूर पसरला. ताई सगळ्यांत पुढे बसल्या होत्या.

खोकला आला. मी माणसांतून वाट काढत पुढे गेलो, उदबत्त्या उपसल्या आणि बाहेर नेऊन ओसरीखालच्या मातीत खुपसल्या. परत आलो तर माझी बायको आणि आणखी एक बाई ताईंना दोन्ही दंडांना धरून उठवत होत्या. "ताई, आत चला, पाणी घ्या. चला ना आत."

ताईंनी दोन्ही हात सोडवून घेतले. पदर तोंडाशी नेला नाही.

"इथंच खोकू द्या मला," त्या म्हणाल्या. "आत जाऊन खोकलेलं त्यायला चालत नव्हतं."

भंतेजींनी वंदना थांबवली आणि ताईंचं खोकून होईपर्यंत ते थांबले.